पाण्याखालचा पंखा

'पंखा' म्हटले की शहरातल्या माणसाला वारा आठवतो. वैशाखातली दुपार असावी, आमरसाचे जेवण झालेले असावे, आणि छताला टांगलेला तो परोपकारी प्राणी आपल्या संथ लयीत गरगरत असावा, याहून मोठे सुख पांढरपेशा माणसाच्या कल्पनेत सहसा शिरत नाही. मनोरीच्या किनाऱ्यावर मात्र कोणी 'पंखा' म्हणाले तर माणसे वर पाहत नाहीत. ती खाली, होडीच्या बुडाकडे पाहतात. तिथे सुकाणूच्या पुढे, दांड्याच्या टोकाला तीन-चार पात्यांचे एक पितळी फूल बसवलेले असते. इंग्रजी शिकलेले लोक त्याला प्रोपेलर म्हणतात. कोळ्यांनी त्याचे नाव पंखा ठेवले आणि ते त्याला चांगले शोभते. कारण घरातला पंखा हवा ढकलतो, हा पाणी ढकलतो. फरक इतकाच, की घरातल्या पंख्याच्या आड कोणी जात नाही. पाण्यातल्या पंख्याच्या वाटेत मात्र माणूस येऊ शकतो.

हा पंखा एरवी कोणाला दिसत नाही. वर्षातून दोन महिने तेवढे त्याचे दर्शन घडते. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या असतात, त्यांवर ताडपत्र्या चढलेल्या असतात, आणि पावसात भिजत ही सारी मंडळी म्हशींच्या कळपासारखी निवांत पडलेली असतात. अशा वेळी कोळीवाड्यातली पोरे होडीच्या मागच्या बाजूला जमतात आणि हाताने पंखा फिरवून पाहतात. तो कुरकुरत अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. किती निरुपद्रवी दिसतो तो! त्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवले तर लक्षात येते की ही काही सुरीची धार नव्हे. धार नसलेली ही वस्तू एवढा घात कशी करते, हे कळायला त्रैराशिक मांडावे लागते. मिनिटाला हजार फेरे घेणारा पंखा धरा आणि त्याला तीन पाती धरा. म्हणजे मिनिटाला तीन हजार घाव झाले, सेकंदाला पन्नास. आपण 'अरे' म्हणेपर्यंत पन्नास घाव! धारेची गरज उरतेच कुठे?

या यंत्राचा जन्मही मोठा गमतीचा आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका शेतकऱ्याने 1836 साली अशा मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडाचा होता, स्क्रूसारखे पूर्ण दोन वेढे घेतलेला. पुढच्या वर्षी लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून गेला. स्मिथने कपाळाला हात लावला असेल. पण होडी थांबण्याऐवजी जास्तच वेगाने पळू लागली! अर्धा पंखा पुऱ्या पंख्याहून सरस ठरला. तेव्हापासून गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे माणूस या पंख्याची पाती तासतो आहे, वाकवतो आहे, वेग वाढवतो आहे. पंख्यापुढून माणसाला बाजूला कसे ठेवावे, हा विचार त्या मानाने फार उशिरा सुरू झाला. यंत्रांच्या बाबतीत बहुधा असेच होते. आधी चाक येते, मग ब्रेक.

मालाडहून मार्वेला जावे आणि तिथून फेरीबोटीत बसावे, की दहा-एक मिनिटांत माणूस खाडी ओलांडून मनोरीला उतरतो. बोटीत टोपल्या असतात, दप्तरे असतात, स्कूटर असतात, आणि सुट्टीच्या दिवशी गॉगल लावलेले शहरही असते. बोट धक्क्याला लागताना मागे पाणी घुसळून निघते, चहाच्या रंगाचे. हे पाणी पाहिले की कोणी म्हणेल, इथे पाण्याखाली जाणाऱ्या माणसांचा विषय कशाला? आणि ते खरे आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून, काचेचा मुखवटा लावून मासे न्याहाळायला कोणी मनोरीच्या खाडीत उतरत नाही. उतरला तर त्याला स्वतःचा हात दिसायचा नाही. पण मनोरीत बुडी मारणारे नाहीत असे मात्र कोणी समजू नये. इथला खलाशी बुडी मारतो, ती हौसेने नव्हे. पंख्यात दोर अडकला म्हणून मारतो.

एका हिवाळ्यात ओळखीच्या तांडेलांच्या होडीवरून मी पहाटे समुद्रावर गेलो होतो. किनारा मागे पडून तास झाला असेल नसेल, एकाएकी इंजिनाचा सूर बदलला. आधी ते कण्हल्यासारखे झाले आणि मग बंदच पडले. वाहत आलेला कुणाच्या तरी जाळ्याचा तुकडा पंख्यात गेला होता. हल्लीचा हा नायलॉनचा दोर मोठा दुष्ट असतो. पंख्याच्या दांड्याभोवती तो गुंडाळत जातो, घर्षणाने तापतो, वितळतो, आणि शेवटी त्याची लाकडासारखी टणक गाठ बनते. ती वरून आकडीने निघत नाही. कोणीतरी खाली जाऊन सुरीने कापावी लागते.

एक तरुण खलाशी अंगातला सदरा काढून तयार झाला. मला वाटले, आता हा उडी टाकणार. पण त्याआधी जे झाले ते मी विसरलेलो नाही. तांडेल उठले, त्यांनी इंजिनाची चावी काढली आणि काही न बोलता त्या पोराच्या हातावर ठेवली. पोराने ती करगोट्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली, सुरी दातांत धरली आणि मगच तो पाण्यात उतरला. होडीवर चौघे जण होते. पण आता त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती इंजिन चालू करण्याची सत्ता नव्हती. ती सत्ता पाण्याखाली, पंख्याशेजारी, त्याच्याच कमरेला होती.

मी तांडेलांना विचारले, "तुम्ही इथं बसलेलेच आहात. चावी तुमच्याकडंच राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "मास्तर, माझा माझ्यावर भरवसा हाय. पण तो खाली गेल्यावर त्याला कसा असनार? ज्याचा जीव, त्याची चावी."

खलाशी तीनदा वर आला आणि तीनदा खाली गेला. लाटेबरोबर होडीचे बूड वर उचलले जाई आणि धपकन खाली येई. त्याखालून डोके वाचवायचे, बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी अंग सोलून निघायचे, आणि आंधळ्यासारखे हाताने चाचपत दोर कापायचा. चौथ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या हातात काळ्या-निळ्या दोराचा गोळा होता आणि खांद्यावर रक्ताच्या दोन रेघा. त्याने करगोट्याची चावी सोडून तांडेलांना दिली. तांडेलांनी आधी माणसे मोजली. मग इंजिन चालू केले. आम्ही चौघे आणि तो पाचवा, अशी पाचच डोकी. नजर टाकली तरी कळले असते. तरी त्यांनी बोटाने मोजली.

मोठ्या कारखान्यांतून आज हाच नियम पाळतात. यंत्राच्या पोटात जो दुरुस्तीला शिरतो, तो त्या यंत्राच्या बटणाला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालून आत जातो. त्या नियमाची इंग्रजीत जाडजूड पुस्तके आहेत. आमच्या तांडेलांनी त्यातले एकही वाचलेले नाही.

आता शास्त्र थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे आपले जमिनीवरचे शहाणपण उपयोगी पडत नाही. रस्त्यावर मागून मोटार आली तर आपण न बघता उजवीकडे की डावीकडे सरकायचे ते ठरवतो. हे आपले दोन कान ठरवतात. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, आणि त्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. पाण्यात तो 1500 मीटरच्या आसपास, म्हणजे चौपटीहून जास्त. त्यामुळे दोन कानांमधला तो फरक इतका अल्प होतो की मेंदूचा हिशेबच चुकतो. पाण्याखालच्या माणसाला होडी ऐकू येते, दुरून आणि स्पष्ट ऐकू येते. पण ती कुठून येते आहे ते समजत नाही. चारी दिशांनी एकच घरघर. शत्रू आला आहे एवढी बातमी मिळते, कोणत्या वेशीवर ते मात्र कळत नाही.

हे मला पुस्तकात वाचून पटले नव्हते; माझ्या भाचीमुळे पटले. आमच्या घराण्यात पाण्याची ओढ कोणालाच नव्हती. ती हिच्यात कुठून आली देव जाणे! महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचे स्कुबा डायव्हिंगचे शिक्षण केंद्र तारकर्लीला आहे, मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, इत्यादी माहिती तिने एका दिवाळीत फराळाच्या ताटावर दिली आणि लाडू संपायच्या आत आपला निश्चयही जाहीर केला. पुढे ती रीतसर शिकली. एकदा हट्टाने मलाही मालवणला घेऊन गेली. "मामा, तुम्ही नुसते होडीत बसा," म्हणाली.

नुसते होडीत बसणे हे काम वाटते तितके सोपे नाही. फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां या दोघांनी 1943 साली पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा खाली जाणाऱ्याची सोय झाली. वर वाट पाहणाऱ्याची सोय अजून कोणी केलेली नाही. मी पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांकडे डोळे लावून बसलो होतो. खोलीची मला भीती होती. पण आमच्या होडीचा म्हातारा नावाडी खाली पाहतच नव्हता. तो सारखा आडवे, दूरवर पाहत होता. पुढे मला कळले की तोच खरा जाणकार होता.

कारण असे, की खोल गेलेला माणूस पंख्यापासून सुरक्षित असतो. संकट वर आहे, पाण्याच्या शेवटच्या दोन हातांत. खालून येणाऱ्याने सावकाश वर यावे असा नियम आहे, आणि पाच मीटरांवर आल्यावर तीन मिनिटे थांबावे अशी रीत आहे, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडला पाहिजे. आता पुन्हा त्रैराशिक मांडा. दहा नॉट वेगाची होडी तीन मिनिटांत नऊशे मीटरांहून जास्त अंतर कापते. म्हणजे हा गृहस्थ शिस्तीने थांबतो तेव्हा क्षितिजावर ठिपका असलेली होडी, तो डोके वर काढतो तेव्हा नेमकी त्याच्या डोक्यावर असू शकते. वर न यावे तर टाकीतली हवा संपते. समुद्रात श्वास घेण्यासाठी ज्याला वर यावे लागते, त्या प्रत्येकाचे हेच दुखणे आहे. कासवाचे तेच, डॉल्फिनचे तेच. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. कवचासारखे चिलखत देवाने ज्याला दिले, त्याच्याही पाठीवर पंख्याचे घाव उमटतात. तिथे माणसाच्या कातडीची काय कथा!

त्या दिवशी आमच्या बुडबुड्यांच्या रोखाने एक पर्यटकांची होडी आली. तीवर गाणी लागली होती, पोरे नाचत होती, आणि सुकाणूवरचा माणूस मागे वळून कोणाचा तरी फोटो काढत होता. आमचा नावाडी ताडकन उभा राहिला. खांद्यावरचा पंचा काढून त्याने डोक्यावर गरगर फिरवला आणि अशी आरोळी ठोकली की किल्ल्यावरचे पक्षी उडाले असतील. त्या होडीने वळसा घेतला. आमच्यात आणि तिच्यात फार तर पन्नास पावले उरली होती. दोन-तीन मिनिटांनी भाचीचे डोके पाण्यावर आले. मुखवटा वर सरकवून ती हसत म्हणाली, "मामा, केवढा आवाज हो खाली! इंजिन माझ्या डोक्यातच चालू आहे असं वाटत होतं. कुठून येतंय तेच कळेना, म्हणून मी खालीच थांबले." मी काही बोललो नाही. तिच्या आईला पत्रात काय लिहायचे याचा मसुदा मी पाच मिनिटांपूर्वी मनात करू लागलो होतो, हे तिला सांगण्यासारखे नव्हते.

सगळ्यांच्याच नावेत असा पंचा फिरवणारा नसतो. डिसेंबर 2000 मध्ये कर्स्टी मॅकॉल ही इंग्लंडातली गायिका आपल्या दोन मुलांना घेऊन मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाजवळ डुबकी घेत होती. तो भाग पाणबुड्यांसाठी राखलेला होता आणि वेगवान होड्यांना तिथे मज्जाव होता. ती मंडळी वर आली, आणि एक वेगवान होडी थेट त्यांच्यावर आली. आईने मुलाला बाजूला ढकलले. मुलगा वाचला, ती जागीच गेली. एका खलाशाला दोषी ठरवण्यात आले आणि शिक्षा दंडावर मिटली. तिच्या म्हाताऱ्या आईने पुढे कित्येक वर्षे न्यायासाठी झगडा चालवला. समुद्रावर नियम लिहिलेला असणे आणि तो सुकाणूवरच्या माणसाच्या डोक्यात असणे, यांत किती अंतर असते पाहा.

नियम नाहीत असे नाहीच. आंतरराष्ट्रीय संकेतांत 'ए' अक्षराचे निशाण आहे: काठीकडचा अर्धा भाग पांढरा, उरलेला निळा, आणि निळ्याच्या टोकाला पाखराच्या शेपटीसारखी खाच. त्याचा अर्थ, 'माझा माणूस पाण्याखाली आहे. दूर राहा आणि सावकाश जा.' 1972 च्या सागरी नियमांत लहान होडीवरसुद्धा हे निशाण किमान एक मीटर उंचीचे, ताठ आणि चहूकडून दिसेल असे असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. हौशी पाणबुड्यांत दुसरेही एक निशाण चालते, लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा. शिवाय वर येण्याआधी खालूनच नारिंगी रंगाची लांबट फुग्यासारखी खूण वर सोडतात, म्हणजे कोणते डोके कुठे निघणार ते वरच्यांना आधी समजते.

आता कोणी म्हणेल, आमच्या नावाड्यांना या परकी निशाणांचे काय कळणार? मला हा आक्षेप खोटा वाटतो. निशाणांची भाषा आमच्या कोळ्यांना कोणी शिकवायला नको. समुद्रात बांबूला चिंधी बांधून तरंगत ठेवलेली दिसली की मनोरीचा पोरगाही ओळखतो: इथे जाळे आहे. आणि तो होडी वळवतो. का वळवतो? जाळे दुसऱ्याचे असले तरी पंखा आपला असतो! जाळ्यावरून गेले तर शिक्षा तिथल्या तिथे मिळते. इंजिन बंद पडते आणि कोणालातरी सुरी घेऊन खाली उतरावे लागते. माणसावरून गेले तर पंखा अडकत नाही. निसर्गाने जाळ्याला जे संरक्षण दिले ते माणसाला दिलेले नाही. म्हणून ते निशाणाने द्यावे लागते. चिंधी पाहून वळणारा नावाडी पांढरे-निळे कापड पाहून नक्की वळेल; फक्त ते कापड लावले पाहिजे, आणि त्याचा अर्थ बंदराबंदरावर सांगितला पाहिजे. त्यातही एक पथ्य आहे. माणसे वर आली की निशाण उतरवलेच पाहिजे. दिवसभर फडकणाऱ्या निशाणाला लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराची किंमत येते.

पंख्यालाच पिंजरा का घालू नये, असाही प्रश्न मला पडला होता. घरातल्या टेबलपंख्याला नाही का जाळी असते? तो मी तांडेलांना विचारला, तेव्हा ते मिस्कीलपणे हसले. पिंजरा घालतात, नाही असे नाही. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या टग बोटींच्या पंख्याभोवती पुष्कळदा पोलादी कडे असते. त्याने सावकाश चालीत जोरही वाढतो. पण वेगवान होडीला तेच कडे लोढणे होते, चाल मंदावते आणि तेल जास्त जळते. जाळीत दोर आणि कचरा अडकला तर काढणे आणखी कठीण. शिवाय पिंजऱ्यामुळे पात्याचा घाव चुकला तरी होडीच्या बुडाची टक्कर थोडीच चुकते? डुबकीवाल्यांना नेणाऱ्या सावकाश होड्यांना कडे जरूर घालावे. पण सारा भरवसा त्यावर टाकू नये.

आणि इंजिन नुसते 'न्यूट्रल'मध्ये ठेवले म्हणजे झाले, ही समजूत तर फारच घातक. न्यूट्रलमध्येही काही इंजिनांचा पंखा मंद फिरत राहतो. आणि नसला फिरत, तरी कोणाचा धक्का दांड्याला लागला की गियर पडायला कितीसा वेळ! पाण्यातला माणूस शिडीकडे पोहत येतो, आणि शिडी पुष्कळदा मागेच, पंख्याच्या शेजारी लावलेली असते. म्हणून माणूस शिडीजवळ यायच्या आत इंजिन पूर्ण बंद, चावी बाहेर, आणि शेवटचे डोके मोजून होईपर्यंत चावी बाहेरच. या उपायाला पैसा लागत नाही.

नारळी पौर्णिमेला मनोरीचे लोक होड्या सजवतात. पताका लावतात, पुढच्या टोकाला हार घालतात, हळद-कुंकू वाहतात आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या नारळाने समुद्राची समजूत घालतात. समुद्राशी भांडण नको, ही त्यातली नम्रता मला फार आवडते. यंदा गेलो होतो तेव्हा तांडेलांच्या होडीवर पताकांच्या ओळीत एक वेगळे कापड दिसले, पांढरे आणि निळे, टोकाला खाच असलेले. माझ्या भाचीने ते शिवून पाठवले होते. जाळ्याचे दोर कापायला पोरगा खाली उतरला की ते काठीवर चढते, तो वर आला की उतरते. शेजारच्या होडीवाल्याने ते काय आहे म्हणून विचारले, आणि दसऱ्याच्या सुमारास भाचीकडे आणखी तीन शिवून देण्याचा निरोप आला. तिला शिवणकाम मुळीच आवडत नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत यंत्र काढून बसली आहे, आणि निळे कापड कमी पडल्यामुळे आता माझ्या जुन्या छत्रीकडे तिची नजर वळली आहे.